म्हशीच्या नाकावरचा आकडा

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पुण्याहून संपादकांचा फोन. रविवार पुरवणीला मोठा लेख हवा. विषय: लढाई चालू असलेल्या देशाला बाहेरचे देश रणगाडे देतात, तर नुसते देऊन भागतं का. मी म्हटलं, मी बंगळुरूचा वार्ताहर, मला पाणी, मेट्रो आणि खड्डे एवढंच कळतं. ते म्हणाले, तुमच्या गावात एवढे कारखाने आहेत, विचारा कुणाला तरी. आणि जरा थरार येऊ द्या.

तीस वर्षं बातम्या लिहितोय. थरार अजून एकदाही वेळेवर सापडलेला नाही.

संध्याकाळी जेवताना हे सांगितलं. उमा म्हणाली, स्कूटर सुरू होत नाही म्हणून शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस रणगाड्यावर लिहिणार. खरं आहे. पण मृणालला एकदम ठसका लागला. मृणाल म्हणजे ताईची धाकटी, जूनपासून आमच्याकडे. नागपूरहून थेट बसवनगुडी. इलेक्ट्रॉनिक सिटीत यंत्रांची माहितीपुस्तकं करणाऱ्या कंपनीत आहे. अजून कायम व्हायची आहे, महिनाअखेरीला ठरेल.

दोन पेले पाणी झालं तरी ठसका थांबेना. या धंद्यात राहून ठसक्या-ठसक्यांतला फरक कळायला लागतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मृ.ला मेट्रोपर्यंत सोडायला मुद्दाम चालत गेलो. आर. व्ही. रोडच्या जिन्याशी ती म्हणाली, "मामा, मी काही सांगू शकत नाही. सही केलीय मी." मग चार पायऱ्या चढून परत उतरली. "पण समजा, एक म्हैस आहे."

तर असं ठरलं. घरात रणगाडा हा शब्द काढायचा नाही, म्हैस म्हणायचं. या वहीतसुद्धा. कंपनीचं नाव नाही, देशांची नावं नाहीत, कागद दाखवायचे नाहीत. आणि ती बोलेल त्यातला एक शब्दही माझ्या लेखात जायचा नाही. शब्द दिला. उमाला साक्षीला ठेवलं, कारण तिला मी संपादकांपेक्षा जास्त घाबरतो.

प्रकार असा. तीन देशांनी एकाच जातीच्या म्हशी त्या लढणाऱ्या सैन्याला दिल्यात. देशांची नावं नकोत म्हणून थोरली, मधली, धाकटी. थोरलीनं ही म्हैस मुळात बनवली. मधली आणि धाकटी यांनी फार वर्षांपूर्वी थोरलीकडून विकत घेतल्या आणि आपापल्या हौशीप्रमाणे बदलल्या. आता सगळ्या एका गोठ्यात. पुस्तकं मात्र तीन. मृ.च्या गटानं तिन्हींचं मिळून एक पुस्तक करायचं. १७ तारखेला पाठवणी.

तीन पोथ्यांवरून एक संहिता. हे ऐकून मला जे झालं ते उमाला सांगितलं नाही. चोविसाव्या वर्षापासून दोन वर्षं हेच तर करत होतो, जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून बघत. मग लग्न ठरलं आणि वर्तमानपत्रात आलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दर सोमवारी आणि गुरुवारी मृ.च्या गटाचं तिकडच्या एका कॅप्टन बाईंशी बोलणं होतं. त्या दुरुस्तीच्या छावणीवर असतात. चेहरा कधी दिसत नाही, मागून हातोडे ऐकू येतात. आज आल्या आल्या मृ.नं चप्पलही न काढता सांगायला सुरुवात केली.

थोरलीचे नट मिलिमीटरातले. धाकटीनं काही भाग आपल्याकडे बनवून बसवले, ते इंचातले. एकाच म्हशीला दोन पेट्या पाने लागतात आणि आली एकच पेटी. बटणांवरची नावं तीन भाषांत, म्हणून कॅप्टनच्या पोरांनी जखमेवर लावायची चिकटपट्टी डकवून वर पेनानं आपल्या भाषेत लिहिलंय. मधलीकडचं ग्रीस उष्ण हवेसाठीचं, तिकडच्या थंडीत गुळाच्या ढेपेसारखं झालं. म्हशी या महिन्यात आल्या, त्यांच्या हवेच्या गाळण्या पुढच्या महिन्यात येणार. आणि म्हैस रेल्वेच्या डब्यापेक्षा दोन्हीकडून चार-चार बोटं रुंद. वाटेतल्या स्थानकांचे फलाट घासत जाते.

मी शांतपणे वरण वाढून घेत होतो. आत मात्र थरार, थरार. आणि एक ओळ छापायची नाही.

मृ. म्हणाली, कॅप्टन शेवटी हसून एवढंच बोलल्या: तोफेबद्दल मला कुणी काही विचारू नका, ती चालते. मला बूच सांगा, नळी सांगा, पाना सांगा.

८ नोव्हेंबर, शनिवार

लेखासाठी माझी स्वतःची वाट शोधायला हवी. जयनगरला अण्णांकडे गेलो. निवृत्त सुभेदार, म्हशींच्या कार्यशाळेत आयुष्य गेलं. घराणं साडेतीनशे वर्षं इथलं, मराठी घरात टिकवलेली, तिच्यात कन्नड मुरलेलं. मला शास्त्री म्हणतात. आम्ही कितीही वर्षं इथं राहिलो तरी 'देशाकडचे'.

मृ. बरोबर आली. तिनं फार सांभाळून विचारलं, समजा एखादी म्हैस असेल आणि तिचं वजन वाढलं तर...

अण्णांनी कॉफी खाली ठेवली. "सरी, म्हैस तर म्हैस. पण स्वल्प सांग अक्का, हिला खूर आहेत का पट्टे?"

मृ. लाल. मी छताकडे बघत होतो.

"पट्टे," मृ. म्हणाली.

मग तासभर ऐकत राहिलो. तरुणपणी एका छावणीत तीन देशांच्या म्हशी सांभाळल्या त्यांनी, तीही लढाईच्या दिवसांत. तिघींची जेवणं वेगळी, औषधं वेगळी, रुसवे वेगळे. एक म्हैस गोळ्यानं बसली तर पाच म्हशी वॉशर नाही म्हणून बसायच्या. हे माझं, हे छापता येतं. भराभर लिहून घेतलं.

एक गोष्ट फार आवडली. म्हशीच्या नाकावर पिवळ्या गोलात एक आकडा रंगवलेला असतो. कुठला पूल हिचं ओझं सोसेल ते त्यावरून कळतं. पण अण्णांच्या कार्यशाळेत त्या रंगावर कुणी भरवसा ठेवत नसे. शेवटचा हात ज्याचा लागला त्यानं म्हशीचं खरं वजन नाकावर खडूनं लिहायचं, खाली आपलं अक्षर टाकायचं. चालवणाऱ्यानं ते मोठ्यानं वाचायचं, तळहातानं पुसायचं आणि मगच वर चढायचं. तळहात पांढरा नसेल तर अण्णा म्हैस हलू देत नसत. एकदा एका मेजरला खाली उतरवलं होतं म्हणे.

"रंगातला आकडा कारखान्याचा," अण्णा म्हणाले. "खडूतला माझा."

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडी आता पुलावर आली.

आज कॅप्टन बाईंनी वजन विचारलं. मधलीच्या अकरा म्हशी त्यांच्याकडे आल्यात, पुढे न्यायच्या आहेत. रेल्वे जिथं संपते तिथून दोन रस्ते. जवळच्या रस्त्यावर जुना पूल, लांबच्या रस्त्यावर भक्कम. लांबून गेलं तर दीड दिवस आणि तेल जास्त. जवळचा पूल सोसेल की नाही, एवढंच त्यांना हवंय.

मृ.नं तिन्ही पुस्तकं उघडली. थोरली आणि मधली एकच वजन सांगतात. धाकटीचं सहा टन जास्त. सहा टन म्हणजे किती, उमानं विचारलं. मी म्हटलं, एक जाडजूड हत्ती. म्हशीच्या पाठीवर हत्ती.

जुना पूल थोरलीच्या आकड्याला जेमतेम पुरतो. वर हत्ती बसला तर नाही.

मृ.चा वरिष्ठ केदार, कोथरूडचा. त्याचा नियम: तीन पुस्तकांत फरक आला की तीनपैकी दोन म्हणतील ते घ्यायचं. तक्त्यात आपोआप तसंच पडतं, कुणी हातही लावत नाही. हजारो ओळी अशा पार पडल्यात. वजनाची ओळही पडली. दोन विरुद्ध एक, धाकटी हरली.

मृ.ला ते पटत नाही. का, ते सांगता येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दाढी करताना सुचलं आणि गाल कापला.

मृ. निघतच होती. तिला थांबवून म्हटलं, पोथ्या मोजायच्या नसतात, त्यांची आई शोधायची असते. दोन पोथ्या एकच पाठ सांगतात म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. दुसरी पहिलीवरून उतरवलेली असेल तर साक्षीदार एकच, फक्त दोनदा बोललेला. मधलीनं वजनाचं पान थोरलीवरून जसंच्या तसं उतरवलं असेल तर तुझं दोन विरुद्ध एक नाही. एकास एक आहे.

"उतरवलंय हे कळायचं कसं?"

"चुका बघ. बरोबर गोष्ट दोघींना आपापली सापडू शकते. तीच चूक त्याच जागी दोघींत असली की एक दुसरीची लेक."

ती बूट घालता घालता थांबली. "मामा, तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

आधी कुणी विचारलं नव्हतं. तीस वर्षांत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी पावणेतीनला मृ.चा निरोप. एकच शब्द: सापडली.

मी बसमध्ये उभ्याउभ्याच हसत सुटलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलगी झाली का.

संध्याकाळी सविस्तर. थोरलीच्या पुस्तकात गार पाण्याच्या नळीचं चित्र उलटं छापलंय, आरशात दिसावं तसं. डावीकडची नळी उजवीकडे. मधलीच्या पुस्तकात तेच चित्र, तसंच उलटं. धाकटीनं मात्र नवं काढलंय, सुलटं. आणि ते चित्र वजनाच्या तक्त्याच्याच प्रकरणात आहे. म्हणजे मधलीनं ते प्रकरण अख्खं उचललं. नळी उलटी आहे हेही बघितलं नाही, मग वजन काय बघितलं असणार.

एकही पान न बघता मी एका पुस्तकाचं कूळ लावलं. उमाला म्हटलं, आज शिरा कर. ती म्हणाली, तूच कर, मोठा विद्वान. केला. खाली लागला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केदारला मृ.नं सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि म्हणाला, नळी उलटी आहे हे मान्य. त्यामुळे मधलीचा आकडा संशयास्पद ठरतो, चूक ठरत नाही. मधलीच्या म्हशी थोरलीसारख्याच हलक्या असतील तर उतरवलेला आकडाही बरोबरच की.

कोथरूडच्या माणसाचा राग येतो तो याचसाठी. बरोबर बोलतात.

मृ. हिरमुसली. कार्यालयातून सरळ जयनगर, अण्णांकडे. मीही पोचलो. म्हैस वगैरे सोपस्कार अण्णांनी स्वतःच पाळले. म्हणाले, धाकटीची म्हैस जड का? अंगावर जादा पत्रे चढवले म्हणून. मग मधलीनं चढवले का नाही, हा प्रश्न वजनाच्या पानाला कशाला विचारता? ते पान खोटं बोलतं हे कळलं ना. सामानाच्या यादीला विचारा.

"यादी तर मोठी आहे, अण्णा. काय बघू?"

"बोल्ट बघ. लांब, जाड बोल्ट. पत्रा कुणी लिहायला विसरेल, बोल्ट विसरत नाही. बोल्ट रोज हरवतात." मग मला म्हणाले, "शास्त्री, तुमची पोथी थापा मारते. भांडारातली यादी मारत नाही, कारण तिथं शिपाई सही करतो."

मी वहीत लिहिलं. लेखात घालणार होतो, पण हे आजचं, मृ.च्या म्हशीचं. खोडलं. शब्द दिलाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बोल्ट आहेत.

मधलीच्या सामानाच्या यादीत शेवटच्या पुरवणीत दोन पानं बोल्ट. लांबी, जाडी, कुठल्या पत्र्याला किती. थोरलीच्या यादीत एकही नाही. म्हणजे मधलीनं पत्रे चढवले, त्यांची यादी नवी केली आणि वजनाचं पान जुनंच राहू दिलं. अकराच्या अकरा म्हशींच्या पाठीवर हत्ती आहे आणि पुस्तक म्हणतं, नाही.

आपलं पुस्तकही तेच म्हणणार. सोमवारी.

केदारनं बघितलं आणि काम देणाऱ्या युरोपातल्या कंपनीला मेल केला. तासाभरात उत्तर: आकड्यातल्या बदलाला रीतसर अर्ज, कामाचे दहा दिवस.

म्हशी दहा दिवस थांबणार नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लेख पाठवला. अण्णांची छावणी, तीन जेवणं, वॉशर, खडू. संपादकांचं उत्तर: "छान. खडू जास्त, तोफा कमी झाल्यात." मी कळवलं, अण्णांच्या मते प्रमाण बरोबर आहे.

मृ. दिवसभर घरात येरझारा घालत होती. उमानं तिला शेंगा सोलायला बसवलं. परिषेचे, म्हणजे इथल्या शेंगांच्या जत्रेचे, ठेले आमच्या रस्त्यापर्यंत आलेत, भुईमुगाच्या शेंगांचे डोंगर, घरात चार किलो पडल्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार

उमानं केदारला जेवायला बोलावलं. मला न विचारता. "पोरगं एकटं राहतं," म्हणाली. मी अण्णांना बोलावलं. तिला न विचारता.

केदार म्हणजे चौतिशीचा, नम्र, जिन्यात जागा असूनही बूट पिशवीत घालून आत आणणारा मुलगा. दुसऱ्या भाताला म्हणाला, काका, मलाही कळतंय. पण आमचं काम पुस्तक करायचं. तिकडच्यांना थेट सल्ला द्यायचा नाही, असं करारात आहे. उद्या मृणालनं त्या बोलण्यात विषय काढला आणि वर कळलं, तर तिचं कायम होणं तर गेलंच, नऊ जणांचा गट जाईल.

अण्णा म्हणाले, मग तक्त्यात मोठा आकडा टाका. हलकी म्हैस भक्कम पुलावरून गेली म्हणून कुणी मरत नाही.

"मरतात, अण्णा," केदार म्हणाला. "दीड दिवस उशीर झाला तर पुढे जे वाट बघतायत ते."

अण्णांनी मान हलवली. हा मुलगा त्यांना आवडला, दिसलंच.

थोडक्यात एक आकडा चालणार नाही. तीन ओळी हव्यात, थोरलीची, मधलीची, धाकटीची. आणि कुठली म्हैस कुणाची हे तिकडच्या माणसानं अंगावरचा क्रमांक बघून ठरवायचं. पुस्तकानं ते होत नाही.

अण्णांनी दोन वाट्या पालथ्या घातल्या, वर पापड ठेवला. त्यावर शेंगा रचत गेले, एक, दोन, तीन. पापड धरून होता. "हा थोरलीचा आकडा," म्हणाले. मग आणखी एकच शेंग ठेवली. पापड मोडला. उमा म्हणाली, अण्णा, शेवटचा होता तो.

जाताना केदार दारात मृ.ला म्हणाला, "मेल पुन्हा केलाय, तातडीचा म्हणून. उत्तर येईपर्यंत थांब. उद्या विषय काढू नकोस, प्लीज."

ती काहीच बोलली नाही. तिची आई अशी गप्प झाली की आमच्या घरी भांडी फुटायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेसहाला आली. चेहरा वेगळाच. बसली नाही, उभ्यानंच सांगितलं.

मेलला उत्तर नाही. दुपारी कॅप्टन बाई आल्या, मागे हातोडे. अकरापैकी दहा म्हशी रेल्वेत चढल्यात. एकीचा पंप बिघडलाय म्हणून ती छावणीतच आहे. दहा परवा सकाळी शेवटच्या स्थानकावर उतरणार, तिथून जवळच्या पुलानं पुढे. मधलीच्या पुस्तकातल्या वजनावर विसंबून.

केदारचा माईक बंद. मृ.चाही.

मृ.नं तिचा चालू केला. सल्ला दिला नाही म्हणते, प्रश्न विचारला. "तुमच्याकडे राहिलेल्या म्हशीच्या अंगावर," अर्थात तिथं तिनं खरा शब्द वापरला, "जादा पत्रे आहेत का, बघून सांगाल?"

हातोडे थांबले. कॅप्टन म्हणाल्या, आहेत. तोफेच्या बुरुजावर आणि दोन्ही कुशींना. का?

मृ. म्हणाली, "मग तुमचं पुस्तक त्यांना मोजत नाही."

मृ.ला वाटलं, आता केदार बोलणं बंद पाडणार. त्यानं माईक चालू केला आणि म्हणाला, "मधलीची सामानाची यादी, शेवटची पुरवणी, बोल्टांची दोन पानं. मी आत्ता पाठवतो. वजनाच्या पानावर जाऊ नका." पाठवलीसुद्धा, तिथल्या तिथं. बोलणं संपल्यावर मृ.कडे बघून एवढंच म्हणाला, "चहा घेऊ या."

उमानं तिला जवळ घेतलं. मी अण्णांना फोन लावला, ते म्हणाले, त्या बाईला खडूचं सांगितलं का?

नव्हतं सांगितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मृ. आणि केदार यांनी सकाळी पुस्तकाला जोडायची एका पानाची सूचना करून कॅप्टन बाईंना पाठवली. तीन ओळींचं वजन, कुठला क्रमांक कुठल्या ओळीत बघायचा आणि खाली अण्णांची पद्धत: खडू, अक्षर, मोठ्यानं वाचणं, तळहात. केदारनं विचारलं, हे कुणाच्या नावानं घालू. मृ. म्हणाली, नाव नको, अण्णा चिडतील. अण्णांना सांगितलं तर चिडले. नाव का नाही घातलं म्हणून.

दुपारी काम देणाऱ्या कंपनीचं पत्र: हा बदल कुणाच्या परवानगीनं? केदारला गुरुवारी बोलावलंय. मृ.ची महिनाअखेरची बैठक 'पुढे ढकलली'. किती पुढे, लिहिलेलं नाही.

ती मात्र मजेत आहे. शेंगा खातेय आणि टरफलं माझ्या वहीवर टाकतेय.

तिकडून उत्तर नाही. सूचना उघडल्याची खूण आली आहे, बाकी काही नाही. गाडी धावतेय. उद्या सकाळी दहा म्हशी उतरतील. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मृ.नं आज घरूनच काम घेतलं. अण्णा अकरालाच आले. कुणी बोलावलं नव्हतं, हातात मोगरा आणि चष्म्याचं जादा घर. उमा म्हणाली, लग्नाला आल्यासारखे आलात. जेवणाच्या टेबलावर मृ.चा संगणक, भोवती आम्ही तिघं. तिला स्वल्प जागा द्या, अण्णा स्वतःलाच सांगत होते आणि सरकत नव्हते.

कंपनीच्या कागदांच्या खिडकीतूनच फोटो येतात आणि ती खिडकी फार संथ. वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरतात. मृ. संगणक भिंतीकडे वळवायला लागली, सहीची आठवण होऊन. मग म्हणाली, राहू दे.

एक वाजून दहा मिनिटांनी पहिला. पूर्ण उतरायला चार मिनिटं. म्हशीचं नाक. पिवळ्या गोलातला जुना आकडा, त्यावर खडूची आडवी रेघ. खाली खडूतच नवा आकडा, हत्ती धरून. त्याच्याखाली एक अक्षर, कॅप्टन बाईंचं असणार. कोपऱ्यात कुणाचातरी हात.

अण्णा चष्मा पुसायला लागले, आधी एक, मग दुसरा.

सोबत दोन ओळी. मृ.नं वाचून दाखवल्या: ही छावणीतली, पंपवाली. दहा आज पहाटे ठरल्याच्या आधीच उतरवल्या. स्थानकावर माणूस मोटरसायकलवर पाठवला होता, खडू देऊन. तो पोचला का, हे मला अजून कळलेलं नाही.

मृ.नं लगेच विचारलं, दहा कुठल्या रस्त्यानं निघाल्या?

उत्तर नाही. उमानं कॉफी केली, ती तशीच गार झाली. केदारचा दोनदा फोन, "आलं का काही?" अण्णांनी टेबलावरच्या शेंगा दहा मोजून एका ओळीत लावल्या आणि हात मागे घेतला.

दोन वाजता खिडकीत पुन्हा खूण. दुसरा फोटो. कुणी काढला, लिहिलेलं नाही. वरून उतरायला लागलाय. आधी ढगाळ आभाळ. मग झाडांचे शेंडे. मग तोफेची नळी, दोरानं बांधलेली. तिच्यामागे आणखी एक नळी, आणखी एक. रांग आहे. हलतेय की उभी आहे, फोटोत कळत नाही.

मी हे लिहितोय आणि तो अर्ध्यावर थांबलाय. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसलेत, मृ.चं बोट पडद्याच्या खालच्या कडेवर आहे.

आकडा खाली असतो.